ओव्याच्या पानापासून औषधापर्यंत

चिक्कडपल्लीतल्या कुठल्याही मराठी घराच्या गॅलरीत डोकावून पाहा. तुळस असतेच. तिच्या शेजारी बहुतेक वेळा कोरफडीची एक कुंडी असते आणि तिच्याही शेजारी जाडसर, लवदार पानांचा ओवा. नुसता हात लागला तरी त्याचा वास सुटतो. (मसाल्याचा ओवा वेगळ्या झाडाचा. हे झाड फक्त वासामुळे त्याचं नाव लावून बसलंय.) आपण त्याच्या पानांची भजी करतो. शेजारच्या तेलुगू काकू त्याला वामाकू म्हणतात आणि त्याही भजीच करतात. एखाद्या घरी ब्राह्मीही सापडते, म्हणजे जमिनीलगत पसरणारी, गोलसर कातरलेल्या पानांची मंडूकपर्णी. इथे तिला सरस्वती आकू म्हणतात आणि परीक्षा जवळ आल्या की मुलांना ती खायला लावतात. मध्यवर्ती ग्रंथालयात सकाळपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या पोरांपैकी किती जणांच्या पोटात ती गेली असेल, कोण जाणे.

याच दोन वनस्पतींच्या, म्हणजे ओव्याच्या पानांच्या आणि मंडूकपर्णीच्या अर्कापासून बनवलेल्या मलमाला २०२१ साली तैवानच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. ही मान्यता सौंदर्यप्रसाधन किंवा 'हर्बल' उत्पादन म्हणून दिलेली नाही, नवं औषध म्हणून दिलेली आहे. मधुमेही रुग्णांच्या पायाला होणाऱ्या आणि महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांवर ते वापरायचं. मान्यतेच्या आधी अमेरिका, चीन आणि तैवानमध्ये मिळून २३६ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना हे मलम दिलं, निम्म्यांना द्रव शोषून घेणारी आधुनिक ड्रेसिंग. सोळा आठवड्यांनी मलमाच्या गटातल्या ६०.७ टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली होती, दुसऱ्या गटात ३५.१ टक्के रुग्णांची. चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता, हे लक्षात ठेवून आकडे वाचायचे. तरीही आकडे बोलके आहेत.

हे वाचल्यावर आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: 'हे तर आमच्या आजीला माहीत होतं!' मला त्या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. आजीला काय माहीत होतं, काय नव्हतं आणि कुंडीतल्या पानाचं औषध व्हायला मधे नेमकं काय घडावं लागतं, हे आपल्या घरातल्या तरुण मंडळींना समजलेलं बरं. त्यांच्यापैकी कितीतरी जण फार्मसी, बायोटेक आणि मेडिकलला आहेत. आणि ज्यांच्या पायाला अशी जखम होऊ शकते ते काका-मामा प्रत्येक घरात आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे.

जखम कोरडी ठेवायची की ओली?

लहानपणी गुडघा फुटला की घरात एकच सूचना मिळायची: 'उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे.' जगभरातले डॉक्टरही बराच काळ हेच सांगत. १९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने डुकरांच्या कातडीवर छोट्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही पातळ प्लॅस्टिकच्या पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण साधं आहे. नव्या कातडीच्या पेशी कडेकडून जखमेच्या मध्याकडे सरकत जातात. पृष्ठभाग ओलसर असेल तर त्या सरळ सरकतात. कोरडी खपली धरली असेल तर तिच्या खालून, खोलवर, वाट काढत जावं लागतं. आजच्या बहुतेक ड्रेसिंगचा पाया हा एक प्रयोग आहे.

म्हणजे ड्रेसिंगचं पहिलं काम ओल राखण्याचं. दुसरं, बाहेरचे जंतू रोखण्याचं. आणि तिसरं काम, जे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं: जखमेला न चिकटण्याचं. साधी सुती जाळी, म्हणजे गॉज, जखमेतला द्रव शोषून वाळते आणि तिथेच चिकटून बसते. ती ओढून काढताना नुकतीच आलेली नाजूक कातडीही तिच्याबरोबर निघते. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात ड्रेसिंग बदलायची वेळ झाली की काय होतं, हे तिथे काम केलेल्या कुणा नर्सताईंना विचारा.

जैवसक्रिय ड्रेसिंग याच्या एक पाऊल पुढे जाते. ती नुसतं पांघरूण घालत नाही, जखमेच्या आत चाललेल्या घडामोडींत हात घालते. जखम झाल्याबरोबर शरीर तिथे भक्षक पेशी पाठवतं. सुरुवातीला त्या आक्रमक असतात, जंतू आणि मेलेल्या पेशी खाऊन टाकतात. मग त्यांनीच स्वभाव बदलून डागडुजीला लागायचं असतं. मधुमेही जखमेत ही बदली होतच नाही. पेशी आठवडेच्या आठवडे लढाईच्याच पवित्र्यात राहतात, सूज उतरत नाही आणि जखम जिथल्या तिथे थांबते. तैवानच्या मलमाचा दावा असा की ओव्याच्या पानातले आणि मंडूकपर्णीतले घटक या पेशींना लढाई सोडून दुरुस्तीकडे वळवतात.

बटाट्याची साल आणि केळीचं पान

आता आपल्या मुलखाची गोष्ट. ती सुरू होते मुंबईतल्या भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डांत. स्टोव्ह, रॉकेल, सुती-नायलॉनच्या साड्या आणि स्वयंपाकघरातलं जमिनीवरचं काम यामुळे ऐंशीच्या दशकात तिथे येणाऱ्यांत बायका आणि मुलं खूप. परदेशात अशा जखमा झाकायला कृत्रिम त्वचा आणि महागडे पापुद्रे मिळू लागले होते. ते इथल्या रुग्णाला परवडणं शक्यच नव्हतं.

भायखळ्याच्या मसीना रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याची साल वापरून पाहिली. साली गॉजच्या पट्टीवर बसवायच्या, पट्टी गुंडाळून निर्जंतुक करायची आणि जखमेवर बांधायची. १९८५ साली त्यांनी 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात हे प्रसिद्ध केलं. बटाट्याच्या सालीत बुचासारखा एक थर असतो. बटाटा महिनोन्‌महिने पोत्यात राहूनही वाळत नाही तो त्याच्यामुळे. तोच थर जखमेलाही वाळू देत नाही. १९९० सालच्या पुढच्या अभ्यासात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की सालीखालच्या वरच्या पेशी जिवंत राहतात आणि नवी कातडी लवकर येते. साल निघतानाही अलगद निघते.

त्यात अडचण एकच होती, पण मोठी. रोज किलोच्या किलो बटाटे उकडा, सोला, साली पट्टीवर नीट बसवा. हे काम करायचं कुणी?

त्याचं उत्तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी शोधलं, केळीच्या पानात. पान मोठं, गुळगुळीत आणि मेणचट. पाणी त्याच्यावरून ओघळून जातं आणि गरम भातही त्याला चिकटत नाही. पान धुऊन, कापून, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून त्यांनी ते जखमेवर वापरलं. २००३ साली त्याच 'बर्न्स'मध्ये डॉ. गोरे आणि डॉ. अकोलेकर यांचे दोन लेख आले. एका अभ्यासात केळीच्या पानाची तुलना बटाट्याच्या सालीशी केली होती. गुण सारखा आला, पण पान कितीतरी पटींनी स्वस्त आणि तयार करायला सोपं निघालं. दुसऱ्या अभ्यासात, कातडी रोपणासाठी मांडीवरून कातडीचा पातळ थर काढतात तिथल्या जखमेवर, पानाची तुलना व्हॅसलीन लावलेल्या गॉजशी केली. पानाखाली वेदना स्पष्टपणे कमी होत्या.

मला या दोन लेखांबद्दल विशेष आदर वाटतो आणि त्याचं कारण केळीचं पान हे नाही. पान तर चिक्कडपल्लीच्या बाजारात सणावाराला ढिगाने येतं, तेलुगू लग्नांत आपण त्यावरच जेवतो. आदर वाटतो तो तुलनेबद्दल. 'आम्ही वापरलं, छान गुण आला' एवढ्यावर या डॉक्टर थांबल्या नाहीत. पान कशापेक्षा चांगलं, कितीने चांगलं आणि कुठल्या बाबतीत, हे त्यांनी मोजलं. याच डॉ. गोरेंनी २००० साली शीव रुग्णालयात त्वचापेढीही सुरू केली. देहदानासारखं मरणोत्तर त्वचादान करता येतं, हे मुंबईकरांना समजावून सांगणाऱ्यांत त्या पुढे होत्या. आपल्या उस्मानिया रुग्णालयातही आता त्वचापेढी आहे.

केळीचं पान मात्र जैवसक्रिय म्हणता येणार नाही. ते उत्तम पांघरूण आहे, इतकंच. आणि ज्यात कुणाला पेटंट मिळत नाही, नफा मिळत नाही, त्याचा प्रचार करायला कुणी प्रतिनिधी बॅग घेऊन दवाखान्यात येत नाही.

सोलापूरचा मध

मुंबईहून हैदराबादला येताना गाडी सोलापुरात थांबते. तिथल्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं इतकी आहेत की आपल्याला घरी आल्यासारखंच वाटतं. तिथल्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मधाचे प्रयोग केले. मध काही वनस्पती नव्हे. पण मधमाशीने फुलातला रस आटवून, त्यात आपलं विकर मिसळून केलेला तो पदार्थ आहे, म्हणून त्याला या यादीत जागा द्यायला हरकत नसावी.

१९९१ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त त्यांचा अभ्यास छापून आला. १०४ रुग्ण, अर्ध्यांना मधाची पट्टी, अर्ध्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे तेव्हा सर्रास वापरलं जाणारं पांढरं मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. पंधरा दिवसांत ८७ टक्के जखमा भरल्या, दुसरीकडे १० टक्के. १९९६ साली त्यांनी मध आणि बटाट्याची साल यांना समोरासमोर उभं केलं. पंधरा दिवसांत मधाखालच्या सगळ्या जखमा भरल्या होत्या, सालीखालच्या निम्म्या. सालीला जंतू मारता येत नाहीत. मधाला येतात.

कसे? मधात पाणी इतकं कमी असतं की जंतूंच्याच शरीरातलं पाणी तो ओढून घेतो. तो आंबट असतो. आणि माशीने मिसळलेल्या विकरामुळे, मध जखमेतल्या द्रवाने पातळ झाला की त्यात थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. म्हणजे जंतुनाशक जागच्या जागी, हळूहळू, बेताने. प्रयोगशाळेत असं काही बनवायचं म्हटलं तर वर्षं जातील.

इथे थोडं थांबायला हवं. ९१ विरुद्ध ७ इतका फरक दिसला की संशोधक खूश होण्याऐवजी सावध होतात. दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातांनी तेच निघतं का, हे त्यांना बघायचं असतं. शिवाय ज्याच्याशी तुलना झाली ते चांदीचं मलम स्वतःच कातडी भरून येण्याचा वेग कमी करतं, असं पुढे दिसून आलं. कोक्रेन या संस्थेने २०१५ साली जगभरातल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. निष्कर्ष असा की वरवर भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात. शिरांच्या दोषामुळे पायावर होणाऱ्या जुन्या जखमांत मात्र ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे सोलापूरचं म्हणणं खरं ठरलं, पण सगळ्या जखमांसाठी नाही. विज्ञानात 'खरं ठरणं' बहुधा असंच, अटींसह असतं.

आणि हो, त्या चाचण्यांतला मध आणि आपल्या फडताळातली बाटली यांत फरक आहे. जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, कारण कच्च्या मधात काही घातक जंतूंचे बीजाणू असू शकतात. असा मध लावलेल्या ड्रेसिंगला अमेरिकेत २००७ साली परवानगी मिळाली.

हळदीचा खटला

हळदीची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना 'जखम भरण्यासाठी हळदीचा वापर' यावर अमेरिकी पेटंट मिळालं. दोघेही मूळचे भारतीय वंशाचे, हा त्यातला गमतीचा भाग. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने पेटंटला आव्हान दिलं आणि संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांपासून १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत ३२ पुरावे समोर ठेवले. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले. पुढे 'हळदीघाटीची लढाई' म्हणून ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातूनच पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथसंग्रह उभा राहिला.

लढाई जिंकली याचा अभिमान आहेच. पण आपण नेमकं काय जिंकलं? हळद जखमेवर लावायची पद्धत नवी नाही, एवढं सिद्ध झालं. पेटंट कार्यालयाने हळदीने जखम किती लवकर भरते याचा निवाडा केलेला नाही, ते त्याचं कामही नव्हतं. तरी या खटल्याचा दाखला देऊन 'हळदीचा गुण अमेरिकेने मान्य केला' असं सांगणारे संदेश कुटुंबाच्या ग्रुपवर फिरत असतात.

हळदीतलं करक्युमिन सूज कमी करतं हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलं आहे. त्याची मोठी अडचण ही की ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून जखमेच्या ओलीत ते पोचवायचं कसं यावरच जगभर संशोधकांची शक्ती खर्च होते. कुणी ते सूक्ष्म कणांत भरतं, कुणी जेलमध्ये, कुणी केसाच्या शंभराव्या भागाइतक्या बारीक तंतूंत विणतं. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद मात्र वेगळी. मसाल्यांच्या पुडीत बीजाणू असतात, भेसळीच्या हळदीत चमकदार पिवळेपणासाठी घातलेला शिशाचा क्षार सापडलेला आहे, आणि पिवळ्या लेपाखाली जखम लाल झाली की काळी पडली हे डॉक्टरांना दिसतच नाही.

उंदराची कातडी, माणसाची कातडी

दख्खनच्या रस्त्याकडेला एक पिवळट-पांढरं, लांब दांड्यावरचं एकुलतं फूल सगळीकडे दिसतं. आपण तिला एकदांडी म्हणतो, कुठे दगडी पाला, कुठे कंबरमोडी. तेलुगूत गड्डी चामंती. खेळताना लागलं की तिचा पाला चुरगळून रस पिळायचा, हे मराठवाड्यातल्या आणि तेलंगणातल्या पोरांना न शिकवता येतं. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली, म्हणजे आपली ही 'प्राचीन' पद्धत फार तर काही शतकांची.

तिच्या रसावर डॉ. प्रकाश दिवाण आणि सहकाऱ्यांनी १९८२ आणि १९८३ साली अभ्यास प्रसिद्ध केले. स्टेरॉइडमुळे जखम भरण्याची क्रिया मंदावते. उंदरांमध्ये या पाल्याच्या रसाने त्यातला काही भाग भरून निघाला: कातडी येण्याचा वेग आणि जखमेची ताकद सुधारली, बाकीचे परिणाम तसेच राहिले. हे डॉ. दिवाण पुढे आपल्या तारनाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते. चिक्कडपल्लीहून विद्यानगरमार्गे सिटी बसने जाता येईल इतक्या अंतरावरची ही संस्था.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि जखमेच्या बाबतीत तर मुळीच नव्हे. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की तो आकसतो आणि कडा ओढून जवळ आणतो, पिशवीची नाडी ओढावी तशा. माणसात तो थर जवळपास नाहीच. आपली जखम मुख्यतः नवी पेशी सरकून भरते. त्यामुळे उंदरावर चमकलेलं पान माणसावर फिकं पडू शकतं. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तर उंदीरही नसतो, काचेच्या बशीत जंतू वाढवून त्यात अर्काचा थेंब टाकतात आणि भोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं की 'जखमेवर उपयुक्त' असं लिहून मोकळे होतात. बशीत फिनाइलचंही वर्तुळ दिसतं. ते कुणी जखमेवर ओतत नाही.

आणि माणसावर चाचणी झाली तरी प्रश्न संपत नाही, हे कोरफडीने शिकवलं. २००७ सालच्या एका आढाव्यात भाजलेल्या ३७१ रुग्णांवरच्या चार चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा कोरफडीने जखम सरासरी सुमारे ९ दिवस लवकर भरल्याचं दिसलं. छानच! पण १९९१ साली अमेरिकेत, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमांवर कोरफडीचं जेल लावलं तेव्हा उलटं झालं. नेहमीच्या उपचाराने सरासरी ५३ दिवसांत जखम भरली, कोरफडीने ८३ दिवस घेतले. झाड तेच, जखम वेगळी.

मग तैवानच्या मंडळींनी काय वेगळं केलं? त्यांनी पान वाटून लावलं नाही. पानातला कुठला अंश काम करतो ते वेगळं काढलं. ओवा पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात दुसराच असतो. माती बदलली, तोडणीची वेळ बदलली की घटक बदलतात. म्हणून प्रत्येक खेपेला अर्कात तो अंश ठरल्या प्रमाणातच आहे हे मोजून दाखवावं लागलं. मलम निर्जंतुक करताना उष्णतेने गुण जाऊ नये, ते जखमेत एकदम न ओतता हळूहळू उतरावं, नव्या पेशींना त्याने इजा होऊ नये, वर्षभर कपाटात राहिलं तरी टिकावं, या प्रत्येक अटीवर वर्षं जातात. युरोपात बर्च झाडाच्या सालीपासून केलेलं जेल असंच २०२२ साली मान्य झालं, हात लागला तरी कातडी सुटणाऱ्या एका जन्मजात आजाराच्या रुग्णांसाठी. सालीचं मलम उत्तर युरोपातल्या लोकांना जुनंच होतं. मोजमाप नवं होतं.

कापूस, समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, फळांतलं पेक्टिन, हे आधार म्हणून आजच ड्रेसिंगमध्ये वापरात आहेत. अल्जिनेटचं तंतू-वस्त्र तर जखमेतला द्रव पिऊन स्वतःच जेल बनतं आणि धुऊन निघतं. अशा आधारात मोजलेला अर्क बसवणं हे काम फार्मसीवाल्याचं आहे, तसंच कापड अभियंत्याचं, रसायनवाल्याचं आणि वॉर्डात ड्रेसिंग बदलणाऱ्या नर्सचंही. आपल्या मंडळाच्या कुटुंबांतली मुलं यांपैकी कुठल्या ना कुठल्या शाखेत नक्की असतील. त्यांना माझा एकच आगाऊ सल्ला: प्रोजेक्टचा विषय निवडताना चौथ्यांदा कडुलिंबाची बशी करण्यापेक्षा एकाच झाडाच्या पानांत वर्षभर काय बदलतं ते मोजा. दिसायला कंटाळवाणं आहे, पण पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

तोपर्यंत घरी

किरकोळ कापलं तर वाहत्या नळाखाली धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा, धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख आठवा. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काही नाही, कोरफडही लगेच नाही. केळीचं पान घरी बांधू नका. रुग्णालयात ते वाफेत निर्जंतुक करून वापरलं होतं, बाजारातून आणून नव्हे.

मधुमेह असलेल्या काका-आजोबांचे तळवे रोज एकदा बघायचं काम घरातल्या नातवंडाने घ्यावं. त्यांना स्वतःला वाकता येत नाही आणि संवेदना कमी झाल्याने दुखतही नाही. एप्रिल-मेच्या दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली की तळव्याला फोड येतात, ते त्यांना संध्याकाळी मोज्याला डाग दिसेपर्यंत कळत नाही. पातळ सुती मोजे घालून जा म्हणावं, देव रागावत नाही. फोड, चीर, रंग बदललेला डाग, काहीही दिसलं तरी घरचा लेप न लावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आणि तिथे ड्रेसिंग बदलायची वेळ आली, जुनं गॉज वाळून चिकटलेलं दिसलं, तर ते सलाइनने भिजवून काढायला सांगा आणि न चिकटणारी ड्रेसिंग मिळेल का ते विचारा. असं विचारलेलं चालतं.